सात नंबरचं सील

३ मार्च

चिमे,

चार वर्षांनी लिहितेय, तेव्हा नावाआधी मायना काय घालायचा ते सुचलं नाही, म्हणून घातला नाही. फोनवर तू मला बंद करून टाकलंयस. माझं अक्षर बघून पाकीटच फेकशील या भीतीने पत्ता टाइप करून घेतलाय. तेवढी अक्कल मला अजून आहे.

कामाचंच बोलते. आमच्या दुकानात एक गिऱ्हाईक येतं, सगळे त्याला चष्मेवाला म्हणतात. पन्नाशीचा बाप्या, बँकेत चांगल्या जागेवर, आणि जीव कशात अडकलाय तर ‘छोटी गल्ली’च्या बाहुल्यांत. तुझ्याच जातकुळीतला. काल त्याने फोन माझ्या नाकासमोर धरला. परदेशात कुणी बाई पूर्ण गल्ली विकायला काढतेय, बाराच्या बारा, सगळ्या सीलबंद, कधीही न उघडलेल्या. लहान घरात राहायला जातेय म्हणून काढतेय, असं खाली लिहिलेलं. मी सहज म्हणून बघितलं आणि पायाखालची जमीन सरकली. सात नंबरच्या खोक्याचा डावा कोपरा चेपलेला होता. तो कोपरा माझ्या हातून चेपलाय, तुझं पार्सल बांधताना.

खाली असंही होतं की पंचवीस मार्चला सगळा संच अस्सल आहे का ते बघायला तपासनिसाकडे जाणार, आणि त्याचा शिक्का बसला की विक्री.

तर माझं म्हणणं एवढंच की सात नंबर त्यात देऊ नकोस.

आता तू विचारशील, तुला काय करायचंय. बरोबर आहे. पण ती छत्रीवाली तुझ्याकडे कशी आली ते आठव. बोटभर उंचीच्या बारा बाहुल्या, बारा धंदे, आणि बाराही एका देशात मिळतील तर शपथ. तुमच्याकडे शिंपीण काय, घड्याळजी काय, ढिगाने. आमच्याकडे पाचच आल्या. का, ते विचारायची सोय नाही. घाऊकवाला म्हणतो वरून जे येईल ते, आणि वरचे बसलेत उंटावरून शेळ्या हाकत. सात नंबरची छत्री दुरुस्त करणारी तुमच्या अख्ख्या देशात आली नाही. आमच्याकडे आली ती एकदाच, एका कार्टनमध्ये दोन नग. उरलेले बावीस नऊ नंबरचे सुतार. आधी-नंतरही सुतारांचीच कार्टन येत राहिली, ती आजही गोदामात छतापर्यंत रचलीत, कुत्रं विचारत नाही त्यांना. दात आहेत तिथे चणे नाहीत, दुसरं काय.

त्या दोन्ही छत्रीवाल्या मी उचलल्या होत्या. एक तुला पाठवली, दुसरी माझ्याकडे आहे, कंपनीतून आली तशी. तर अदलाबदल करू. मी माझी आजच पाठवते, तू तुझी मला दे. वस्तू तीच, उलट कोपरा चेपलेला नाही. तुझा फायदाच आहे.

आठवण म्हणून मागतेय असं समज.

ताई

११ मार्च

चिमे,

तुझं उत्तर दुकानाच्या मेलवर आलं. आमचा मॅनेजर सकाळी सगळ्यांसमोर मेल मोठ्याने वाचतो, त्याला ती हौस आहे. ‘माझ्याकडे आहे ते मला पुरे. अदलाबदल नको. पुन्हा लिहू नये.’ हे त्याने खणखणीत आवाजात वाचलं आणि मग विचारलं, ही कुठल्या मालाबद्दलची तक्रार आहे. मी म्हटलं, जुनं गिऱ्हाईक आहे, चिडकं आहे. यात खोटं काही नव्हतं.

आता नीट सांगते, म्हणजे तुझा हट्ट उतरेल.

तुझ्या सात नंबरचं सील कंपनीचं नाही, माझ्या हातचं आहे. दुकानात उघडलेली खोकी परत येतात, ती पुन्हा मांडणीवर ठेवायची तर सील लावावं लागतं. सतरा वर्षं काउंटरवर काढलीत, ही विद्या मला मॅनेजरपेक्षा चांगली येते. केस वाळवायच्या मशिनची गरम हवा लांबून द्यायची, गोल चकती आपोआप सैल होते, नखाने उचलायची, काम झालं की थंड व्हायच्या आत होती तिथे बसवायची. साध्या डोळ्याला कळत नाही. पण तुमचे तपासनीस दिवा लावून भिंग घेऊन बसतात म्हणे. त्याला कळेल. मग तुमच्या बाहुल्यावाल्यांच्या मंडळात तुझं काय होईल ते तू जाण. चष्मेवाला सांगतो, त्या बाईंचा शब्द म्हणजे शब्द, त्यांच्याकडून डोळे मिटून घ्यावं. ऐकून मला बरं वाटलं होतं, हे उगाच सांगून टाकते.

का उघडलं होतं म्हणशील, तर छत्रीची दांडी मोडलेली नाही ना, ते बघायला. या मालात दांड्या मोडलेल्या येतात. तुला मोडकी जाऊ नये म्हणून बघितली. झालं समाधान? आता नाव खराब व्हायच्या आत ते खोकं बाजूला काढ, आणि माझ्याकडे पाठव.

माझ्याकडची आजच पाठवते असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ती निघालेली नाही. तू हो म्हणशील तेव्हा पाठवीन.

ताई

१९ मार्च

चिमे,

वाटलं होतं तू घाबरशील. विसरलेच होते कुणाशी गाठ आहे. लहानपणी बरणी फुटली की मी मांजराचं नाव घ्यायची आणि तू मागून येऊन सांगायचीस, मांजर नव्हतं, आम्ही होतो. फटके दोघींना.

काल तुझा मेल मॅनेजरने वाचला. जाहिरातीत तू स्वतःच लिहून टाकणार की सात नंबरचं सील पुन्हा लावलेलं आहे. तपासनिसाला सांगणार की हे खोकं खुशाल उघडा, आतली वस्तू अस्सल आहे का तेवढं बघा. लपवाछपवीचा प्रश्नच नको. आणि शेवटी, ‘दांडी बघायला सील कुणी काढत नाही, खोक्याला खिडकी असते.’

असते. खिडकी असते हे मी सतरा वर्षं बघतेय, आणि लिहिताना नेमकं विसरले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

आता तो तपासनीस पंचवीस तारखेला खोकं उघडणार. बाहुलीच्या मागे जो पुठ्ठा असतो तो काढणार. पुठ्ठ्यामागे चार घड्या घातलेला एक कागद आहे. आपली भाषा त्याला येत नसणार. आवेष्टनाचा भाग नाही म्हणून तो कागद टोपलीत टाकेल. किंवा तुला देईल, सगळ्यांसमोर, आणि तू तिथे उभ्याउभ्या वाचशील.

तो कागद बाबांचा आहे.

मी हे लिहून पेन खाली ठेवलं होतं, अर्धा तास झाला. आता ठेवत नाही.

तू नोकरीसाठी गेलीस तेव्हा बाबा तुला म्हणाले, परत येऊ नकोस, आणि तू खरंच आली नाहीस. दोघं एका माळेचे मणी. सहा वर्षं त्यांचं मी केलं. तुला माहीत नाही असं नाही, पण ‘माहीत असणं’ आणि रोज सकाळी चादर बदलणं यात फरक आहे. शेवटच्या वर्षी ते चमच्याने खायचे आणि अर्धं माझ्या अंगावर सांडायचे. सांडलं की मलाच ओरडायचे. आभार मानायची पद्धत आपल्या घरात नव्हती, ते मी कधी मागितलेही नाहीत.

शेवटच्या महिन्यात एका रविवारी म्हणाले, कागद घे, चिमीला लिहायचंय. हात थरथरत होता, म्हणून ते सांगत होते आणि मी लिहीत होते. त्यांनी सांगितलं ते शब्दाला शब्द देते, कारण गेली चार वर्षं मला ते पाठ आहे:

‘चिमे, तू गेल्यापासून या घरात हसणारं कोणी नाही. मी बोललो ते रागात बोललो. आता राग धरायला अंगात ताकद नाही. एकदा येऊन जा. लवकर ये.’

या घरात हसणारं कोणी नाही. मी समोर बसले होते गं. माझ्या हाताने, माझ्या अक्षरात मी ते लिहिलं. पिकतं तिथे विकत नाही, हे मी तुमच्या बाहुल्यांबद्दल रोज बोलायची. त्या दिवशी कळलं मी पण तसलाच माल आहे, गोदामातला सुतार. तू मात्र तिकडे कुठे मिळत नाहीस म्हणून मोलाची.

मग त्यांनी कागद आपल्याकडे ओढला, आणि डाव्या हाताने झाकून खाली स्वतः काहीतरी लिहिलं. दोन ओळींना पाच मिनिटं लागली. घडी घातली आणि म्हणाले, वाचू नकोस, टाक उद्या. मी वाचलं नाही. हे तरी खरं मान.

दुसऱ्या दिवशी कार्टन आलं. दाराशी रांग लागली होती. नियम असा की नोकरांनी एकही नग घ्यायचा नाही, आधी रांग. मी दोन्ही सात नंबर एप्रनच्या खिशात घातले. तू कितीदा मागितली होतीस ती, तेव्हा आपण बोलायचो तरी. दुपारच्या सुट्टीत मागच्या खोलीत मशीन लावून सील काढलं, बाबांचा कागद पुठ्ठ्यामागे सरकवला, सील लावलं.

का, ते ऐक. टपालात टाकला नाही असं कुणी मला म्हणू नये म्हणून. आणि तो तू वाचू नयेस म्हणून. दोन्ही एकदमच. तुझं वाक्य मला माहीत होतं, ‘खोकं उघडलं की बाहुली मेली.’ तुम्ही लोक खोकं कधी उघडत नाही. मी ते पत्र तुला पाठवलं, चिमे, आणि ते तुझ्यापर्यंत पोचणार नाही याची खात्रीही करून घेतली.

तुझा मेसेज आला होता, ‘मिळाली. कोपरा चेपलाय पण सील एकदम सुंदर. जन्मात उघडणार नाही.’ त्या दिवसापासून बाबा एकोणीस दिवस जगले. रोज विचारायचे, चिमीचं काही आलं का. मी सांगायची, पत्र पोचलंय. खोटं नव्हतं ना. एकोणीस दिवस मी त्यांच्याशी खोटं बोलले नाही.

ते गेल्यावर तू फोनवर विचारलंस, मला आधी का नाही कळवलंस. मी म्हटलं, त्यांनीच सांगितलं होतं, चिमीला कळवू नको. हे मात्र सरळसरळ खोटं होतं, आणि तू ते चार वर्षं उराशी धरून बसलीयस.

हे वाचशील त्या क्षणी हातातलं टाकून उठ आणि ते खोकं उघड. माझं तोंड बघू नकोस, पण ते उघड. कुरियरवाला म्हणाला चार दिवस लागतील, म्हणजे तेवीसला पोचेल. दोन दिवस हातात आहेत.

ताई

२४ मार्च

चिमे,

हे पत्र तुला कधी मिळेल देव जाणे, पण आज काय झालं ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि माझं दुसरं कोण आहे.

सकाळी कुरियरच्या कचेरीत फोन केला. माझं पाकीट तुमच्या सीमेवर अडकलंय. कागदपत्रं अपुरी. मी म्हटलं, अहो, ते कागदपत्रंच आहे, त्याला आणखी कसली कागदपत्रं? तिकडची मुलगी म्हणाली, मॅडम, गुरुवारनंतर विचारा. गुरुवार म्हणजे सव्वीस.

मग मी चष्मेवाल्याला विनवलं की त्या जाहिरातीखाली निरोप टाका. त्याने लगेच टाकला बिचाऱ्याने. पण तिथे निरोपांचा पाऊस पडलाय, तू कुणाकुणाला उत्तर देणार.

राहिला दुकानाचा मेल. मॅनेजर खुर्चीत बसून बिस्किट खात होता. मी म्हटलं, एक मेल टाकायचाय. म्हणाला, सांगा, मी टाइप करतो. त्याला कुणाला खुर्ची देणं माहीतच नाही. तर मी उभी राहिले आणि त्याला सांगितलं, लिही. ‘सात नंबरचं सील मी उघडलं होतं. आत बाबांनी तुला लिहिलेलं पत्र आहे. तपासनिसाकडे जायच्या आधी तू स्वतः उघड. त्यांनी तुला बोलावलं होतं. मी तुझ्यापासून लपवलं.’

त्याची बोटं मध्येच थांबली. म्हणाला, सात नंबर? आपल्या कार्टनमधला? रांगेतल्या लोकांना आपण शून्य आले म्हणून सांगितलं होतं तो?

मी म्हटलं, हो, तोच. आधी मेल पाठव, मग माझं काय करायचं ते कर.

त्याने पाठवला. हे त्याच्या नावावर जमा. दुकानात सगळे मान खाली घालून मालाला लेबलं लावत होते.

उद्या पंचवीस आहे.

ताई

३० मार्च

चिमे,

तुझं काही नाही. मी रोज सकाळी मॅनेजरच्या दारात जाऊन उभी राहते आणि तो मान हलवतो. आता मोठ्याने वाचत नाही.

मला काउंटरवरून काढून गोदामात टाकलंय. गळ्यातली काउंटरची चावी काढून घेतली, नोकरी ठेवली. सतरा वर्षांची दया आली असेल. इथे मी आणि तीनशे सुतार. ते सगळे खिडकीतून माझ्याकडे बघत असतात, हातात रंधा घेऊन. मीही बघते. आमचं बरं जमतं.

काल चष्मेवाला मागच्या दाराने मला शोधत आला. म्हणाला, त्या बाईंची जाहिरात बदललीय. आता लिहिलंय, ‘बारापैकी अकरा सीलबंद. सात नंबर विकायचा नाही.’ त्याला फार वाईट वाटत होतं, एवढा पूर्ण संच पुन्हा जमायचा नाही म्हणाला. मी कार्टनवर बसले. त्याने घाबरून पाणी आणलं. मी रडत होते की हसत होते ते मलाच धड कळलं नाही, त्याला काय कळणार.

म्हणजे तू उघडलंस.

आता तू काय वाचलंस ते सगळं मला माहीत आहे, त्या शेवटच्या दोन ओळी सोडून. त्या विचारायचा मला हक्क नाही. मी विचारतही नाही. फक्त रोज एकदा मनात येतं, बाबांनी हात आडवा धरून माझ्यापासून काय झाकलं असेल. बहुतेक तेच असेल, हिच्या हाताखाली दिवस काढतोय, मला सोडव.

असेल तर असू दे.

ताई

९ एप्रिल

चिमे,

तुझं पार्सल आज गोदामात आलं. हलकं लागलं हाताला. वरचा कागद काढला तर आत सात नंबरचं रिकामं खोकं. डावा कोपरा तसाच चेपलेला. सील तू सोडवलं नव्हतंस, मधोमध फाडलेलं. बरं केलंस.

झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलंयस, ‘एकोणीस दिवस होते, ताई.’

होते. विमानाला एक दिवस लागतो, हे मी तेव्हाही मोजलं होतं. मला माफ कर असं लिहिणार होते, पण ते लिहून मी तुझ्यावर आणखी एक काम टाकल्यासारखं होईल. तर लिहीत नाही. तुला वाटेल तेव्हा, किंवा न वाटलं तर नाही. पण तू ताई लिहिलंस. ते मी दहादा वाचलं.

आणि खोक्यात त्या कागदाच्या खालच्या भागाची प्रत ठेवलीस. मला वाटलं नव्हतं तू देशील. बाबांचं ते वाकडंतिकडं अक्षर ओळखायला वेळ लागला.

‘हे पत्र तुला मिळालं तर ते ताईचे उपकार समज. मी तिच्या जागी असतो तर पाठवलं नसतं.’

म्हातारा मला ओळखून होता. सगळं ओळखून होता. घरात हसणारं कोणी नाही हे मला लिहायला लावताना माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मग हात आडवा धरून हे लिहिलं. मला म्हणायचं नाही, माझ्याबद्दल तुला म्हणायचं. एक शब्द माझ्या तोंडावर बोलले असते बाबा, एकच, तर मी त्याच संध्याकाळी पत्र टाकून आले असते. आणि तू एकोणीस दिवसांतले अठरा तरी त्यांच्या उशाशी बसली असतीस. मी गोदामात बसून मोठ्याने त्यांच्याशी भांडले आज. तीनशे सुतार साक्षीला आहेत.

पण मी पाठवीन, असं धरूनच लिहिलं ना ते? एवढा भरवसा माझ्यावर टाकला आणि मी तो पुठ्ठ्यामागे कोंबला. हे मला आता जन्मभर पुरेल.

माझ्याकडची सात नंबर आज पाठवतेय. आधी सीलबंदच पाठवणार होते, तुझा संच पुन्हा बाराचा होईल म्हणून. चष्मेवालाही तेच म्हणत होता. मग विचार केला, माझ्याकडून आलेलं बंद खोकं तू कुठल्या भरवशावर हातात घेशील. म्हणून त्याच्यासमोरच सील फाडलं. त्याने डोळे मिटून घेतले. बाहुली बाहेर काढली, मागचा पुठ्ठाही काढला, सगळं झटकून बघितलं. तिची छत्री उघडते आणि मिटते, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. दांडी धड आहे.

खोकं उघडंच पाठवलंय, झाकण नुसतं दुमडून. आत बाहुलीशिवाय काही नाही, बघून घे.

ताई